सेंटर की ऑनर्स? फॉर्मवर सही करण्याआधी

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही उत्तर व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. लेक सहावीत आहे. तिसरीपासून ती एएपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड अकॅडेमिक प्रोग्रॅमच्या) सेंटरला जाते, म्हणजे इथे ज्याला 'लेव्हल फोर' म्हणतात, पूर्णवेळ गिफ्टेड वर्ग. आता सातवीसाठी दोन वाटा आहेत. एक, सेंटर असलेलं मिडल स्कूल. बसने पस्तीस-चाळीस मिनिटं. दुसरी, आमचं बेस स्कूल, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरणारी शाळा. तिथे ती चालत जाऊ शकते आणि चारही मुख्य विषय ऑनर्स, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीचे, घेता येतात. नवऱ्याचं म्हणणं, मिळालेली जागा सोडायची नाही, ऑनर्स काय, कोणीही घेतं. लेकीला बेस स्कूल हवंय. गल्लीतल्या दोघी मैत्रिणी तिथेच जाणार आहेत, आणि तिला व्हायोला वाजवायचाय. ती वाचनवेडी आहे, इतिहास तर जेवताना वाचते. गणित चांगलं आहे, पण त्याचं वेड नाही. प्रोजेक्ट आलं की रात्री साडेअकरापर्यंत बोर्डावर चिकटवत बसते, शेवटी रडते. सासूबाई पुण्याहून विचारतात, "अ तुकडी सोडून ब तुकडीत कोण जातं गं?" पुढे टीजेचं (इथल्या नावाजलेल्या सायन्स हायस्कूलचं) काय, कॉलेजचं काय, मला काहीच सुचत नाही. फॉर्म दोन आठवड्यांत द्यायचाय. मला 'तू' म्हणालात तर बरं वाटेल.
— एक आई

उत्तर : सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण मी त्यांच्याच पंक्तीतली. साताऱ्याला आमच्या शाळेत सातवीला स्कॉलरशिपची वेगळी तुकडी असायची. सकाळी सातला जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीची पिवळट पानांची पुस्तकं, आणि 'स्कॉलरशिपच्या मुली' म्हणून बाईंचा खास चहा नसला तरी खास नजर. तिथे तुकडी एकदा लागली की वर्षाचं सगळंच ठरायचं. बाक, बाई, मैत्रिणी, आणि लग्नाच्या वयापर्यंत टिकणारं 'हुशार' हे विशेषण. त्यामुळे सासूबाई विचारतात ते त्यांच्या अनुभवाला धरूनच आहे. फक्त तुझ्या काउंटीत अ आणि ब अशा दोन तुकड्याच नाहीत. तिथे एका बाजूला चार विषयांचं बांधलेलं गाठोडं आहे आणि दुसऱ्या बाजूला सुटी भाजी.

एएपीचं सेंटर घेतलं की इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान, गणित, चारही विषय त्याच पातळीवर. ऑनर्स विषयवार निवडायचं असतं. एक घ्या, दोन घ्या, चारही घ्या. त्याला परीक्षा नाही, शिफारस नाही, पालक आणि मूल फॉर्मवर खूण करतात की झालं. नवरोबा म्हणतात ते खरं आहे, कोणीही घेऊ शकतं. ते मुद्दामच तसं ठेवलंय. दुसरीतल्या चाचणीच्या सकाळी ताप होता म्हणून जे मूल गिफ्टेडच्या यादीत आलं नाही, त्याच्यासाठी सातवीत दार उघडं असावं म्हणून. आता दार उघडं असलं की आत सगळ्या प्रकारची मुलं येणार. त्याचा फायदाही असतो आणि त्रासही असतो, आणि मी दोन्ही पाहिलेत.

मी अठरा वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं. शाळेचं नाव सांगत नाही, पण तिथे सेंटर होतं, त्यामुळे माझ्याकडे तिसऱ्या तासाला एएपीची मुलं असायची आणि सहाव्या तासाला ऑनर्सची. दरवर्षी एक दिवस आम्ही आउल पेलेट उघडायचो. घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि जे पचत नाही, हाडं आणि केस, त्याची गोळी करून ओकून टाकतं. ती निर्जंतुक केलेली गोळी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून येते, हातात घेतली की जुन्या कांबळ्याच्या तुकड्यासारखी लागते. मुलांनी चिमटा आणि लाकडी काडीने ती सोडवायची, हाडं वेगळी करायची, तक्त्याशी ताडून बघायची. दोन्ही वर्गांना तीच गोळी, तोच तक्ता, तीच बाई.

एका वर्षीचं सांगते. तिसऱ्या तासाला एका मुलीने स्वतःहून हिशेब मांडला. एका गोळीत तीन कवट्या, घुबड रोज साधारण किती गोळ्या टाकतं, तर एका धान्याच्या कोठाराजवळ वर्षाला किती उंदीर संपतील? बाकीच्यांनी तिच्या गृहीतकावर हल्ला चढवला. वीस मिनिटं मी फक्त फळ्याजवळ उभी होते. सेंटरचा खरा फायदा हाच, आणि त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. तिथे बोलणं पळतं, आणि बोलणारं मूल एकटं पडत नाही.

सहाव्या तासाला त्याच दिवशी अर्धा वेळ स्तंभालेख कसा वाचायचा यात गेला. चार मुलांना ते येत नव्हतं, आणि मी त्यांना सोडून पुढे जाणार नव्हते. ज्यांना येत होतं ती कंटाळली. हा त्रास खरा आहे. पण त्याच तासाला मागच्या टेबलावरचा एक मुलगा छोटीशी कवटी घेऊन माझ्याकडे आला. "दातांची टोकं लाल का आहेत?" ती उंदराची नव्हतीच, चिचुंद्रीच्या जातीतल्या प्राण्याची होती. मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच वाचून आला, काही चिचुंद्र्यांच्या दातांच्या टोकांत लोह असतं, त्याने दात कमी झिजतात. या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आणि तिसऱ्या तासाला, तेही सांगायला हवं, मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "याला किती मार्क आहेत?"

आता गणित. पालकांची निम्मी झोप या विषयापायी उडते, आणि तुझ्या काउंटीत तो प्रश्न मुळात सेंटरचा नाहीच. सेंटरमध्येही गणिताचा नेमका कोर्स वेगळा ठरतो. सातवीतच अल्जिब्रा वन घ्यायचं तर मी शिकवत होते तेव्हा दोन अटी होत्या : आयोवाच्या अल्जिब्रा चाचणीत ९१ पर्सेंटाइल आणि राज्याच्या सातवीच्या गणित परीक्षेत, म्हणजे एसओएलमध्ये, ६०० पैकी ५००. मूल सेंटरचं की बेसचं याने फरक पडत नव्हता. आत्ताच्या अटी काउन्सेलरकडून लिहून घे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाई आहे का, हे बघ. सातवीत अल्जिब्रा वन घेतलं तर आठवीत भूमिती, नववीत अल्जिब्रा टू, दहावीत प्रीकॅल्क्युलस आणि अकरावीत कॅल्क्युलस. आठवीत घेतलं तर हीच शिडी एक पायरी मागे, कॅल्क्युलस बारावीत. म्हणजे शाळा संपेपर्यंत दोघंही कॅल्क्युलसपर्यंत पोचतात. जेवताना इतिहास वाचणाऱ्या मुलीला अकरावीतच कॅल्क्युलस का हवं, याचं उत्तर नवऱ्याकडून माग. 'इतर मुलं घेतात' हे उत्तर धरायचं नाही.

आणखी एक, जे पालकांना फार उशिरा कळतं. मिडल स्कूलमध्ये घेतलेलं अल्जिब्रा हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर चढतं. ग्रेड मनासारखी आली नाही तर व्हर्जिनियात पालक लेखी विनंती करून ती काढून टाकायला सांगू शकतात. त्याला मुदत असते, ती विचारून ठेव.

टीजे. थॉमस जेफरसन हायस्कूल, १९८५ साली सुरू झालेलं, आणि आपल्या मराठी घरांत आयआयटीच्या सुरात ज्याचं नाव घेतात ते. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी याच विषयावर निदान दहा वेळा अडवली गेले आहे. तर तिथली प्रवेशपरीक्षा २०२० च्या अखेरीस बंद झाली. त्यानंतरच्या पद्धतीत प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांइतक्या जागा त्या शाळेसाठी धरल्या जातात, साधारण ५५० जागांपैकी उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. त्यावर खटला झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. अर्जासाठी ३.५ ग्रेड पॉइंट आणि आठवीत किमान अल्जिब्रा वन लागतं. एएपीचा शिक्का लागत नाही. म्हणून सेंटर सोडलं तर टीजे गेलं, हे गणित चुकीचं आहे. उलट काही पालक आता 'बेस स्कूलमध्ये स्पर्धा कमी' असा हिशेब करून मुलं हलवतात. ते मला आवडत नाही. अकरा वर्षांच्या पोराला चौदाव्या वर्षाच्या अर्जासाठी शाळा बदलायला लावायची, म्हणजे मधली वर्षं नुसती वाट बघण्यात घालवायची. तू टीजेचं नाव दोन वर्षं घरात काढूच नकोस. लेकीने स्वतः काढलं तर गोष्ट वेगळी.

कॅलिफोर्नियातल्या मावसबहिणीचा किंवा न्यू जर्सीतल्या भावजयीचा सल्लाही जरा बाजूला ठेव. गिफ्टेड शिक्षण कसं द्यायचं याचा देशपातळीवर एकच कायदा अमेरिकेत नाही, राज्य बदललं की शब्दांचे अर्थ बदलतात. कुठे गिफ्टेड म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर वर्गाबाहेर नेणं, कुठे ऑनर्ससाठी परीक्षा. त्यांचं खरं असेलही, पण ते त्यांच्या गावचं.

आता माझ्या घरचं सांगते, कारण तुझ्या पत्रातल्या 'लेकीला बेस स्कूल हवंय' या ओळीवर मी थबकले.

माझ्या थोरल्याच्या वेळी याला जीटी, म्हणजे गिफ्टेड अँड टॅलेंटेड, सेंटर म्हणत. पत्र आलं, आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच सही केली, पेढे आणले, साताऱ्याला फोन लावला. त्याला विचारलंच नाही. त्याला कळलं ते बसचा नंबर बदलला तेव्हा. अभ्यासात काहीच अडलं नाही, सगळे ए. बारा-तेरा वर्षांनी थँक्सगिव्हिंगला घरी आला असताना भांडी पुसता पुसता सहज म्हणाला, की सातवीत फेब्रुवारीपर्यंत तो लंच लायब्ररीत खायचा. कॅफेटेरियात कुठल्या टेबलावर बसायचं ते ठरत नव्हतं म्हणून. लायब्ररीत खायला मनाई होती, त्यामुळे सँडविच दप्तरात ठेवून एकेक घास. मी स्वतः त्याच वयाची मुलं रोज सहा तास बघत होते आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नाही. तो दोष देत नाही, गणिताच्या बाई फार चांगल्या होत्या म्हणतो. पण मला ते सँडविच अजून आठवतं.

धाकटी दुसरीच्या चाचणीत यादीत आली नाही. आम्ही ते नातेवाइकांत हळू आवाजात सांगायचो, आता हसू येतं. तिने बेस स्कूलमध्ये इंग्रजी आणि इतिहास ऑनर्स घेतले आणि विज्ञान साधं घेतलं. विज्ञान! माझ्या घरात! महिनाभर मी तिच्याशी त्या विषयावर बोलले नाही. पुढे हायस्कूलमध्ये तिने इतिहासाचे दोन एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, घेतले, जीवशास्त्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि बरंच झालं.

तुझ्या लेकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बेस स्कूल, आणि चारही ऑनर्स घ्यायलाच हवेत असं नाही. इंग्रजी आणि इतिहास नक्की. गणित जी पातळी मिळेल ती. विज्ञान तिच्यावर सोड (हे लिहिताना माझा हात थरथरतोय, पण सोड). फक्त एका अटीवर. तिची भूक वाचनाची आहे, तेव्हा बेस स्कूलच्या इंग्रजी ऑनर्समध्ये ती भूक भागते का, हे आधी बघून ये. ओपन हाऊसला जाशील तेव्हा तिथल्या रंगीत स्लाइड्स बघू नकोस. त्यांत दोन्ही शाळा सारख्याच दिसतात, 'चिकित्सक विचार' वगैरे. इंग्रजीच्या शिक्षकांना गाठ आणि विचार, गेल्या वर्षी वर्गाने अख्खी पुस्तकं किती वाचली? उतारे नव्हे, अख्खी. मग म्हण, मागच्या आठवड्यात दिलेला इतिहासाचा एखादा गृहपाठ बघायला मिळेल का? कागद हातात आला की तुला दोन मिनिटांत कळेल. रिकाम्या जागा भरा असेल तर एक. जुनं पत्र किंवा कायद्याचा मजकूर देऊन 'हे कुणी, कुणासाठी लिहिलं असेल' असं विचारलं असेल तर दुसरं. हाच कागद सेंटरलाही माग. बेस स्कूलचा कागद रिकाम्या जागांचा निघाला आणि सेंटरचा दुसऱ्या प्रकारचा, तर मी माझं मत फिरवते. मग मैत्रिणी संध्याकाळी आणि बस सकाळी, चालेल. दोन्ही कागद सारखे निघाले, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा निघतात, तर चालत जाण्याच्या शाळेला माझं मत.

काउन्सेलरला आणखी दोन गोष्टी विचार. ऑनर्स जड गेलं तर कुठल्या तारखेपर्यंत बदलता येतं? आणि ऑर्केस्ट्राचा तास कुठल्या विषयाशी भिडतो का? व्हायोला वाजवणारी मुलं कमी असतात, शिक्षक त्यांना सहजासहजी सोडत नाहीत. हा एक विषय तिला शाळेत जागा मिळवून देईल. ऑर्केस्ट्राच्या मुलांचं लंचचं टेबल आपोआप ठरतं, हे मी अठरा वर्षं पाहिलंय.

नवऱ्याला सांग की जागा 'जात' नाही. लेव्हल फोरची पात्रता एकदा मिळाली की ती आठवीपर्यंत राहते, सातवीत नको म्हटलं तरी आठवीला मागता येतं. हे काउन्सेलरकडून ईमेलवर घे, तोंडी नको. छापील ओळ दिसली की वडीलमंडळी शांत होतात.

राहिला तो रडण्याचा भाग. तो शाळा बदलल्याने जाणार नाही. साडेअकरापर्यंत बोर्डावर अक्षरं चिकटवणारी मुलगी कुठल्याही शाळेत साडेअकरापर्यंतच जागेल. शिक्षक म्हणून एक गुपित सांगते. बोर्डाच्या कडा बघून आम्हाला कळायचं कुठल्या कुणाच्या आईने कापल्यात, आणि कडांना आम्ही मार्क देत नव्हतो. पुढच्या प्रोजेक्टला मार्कांचा तक्ता तिच्यासोबत वाच, सजावटीला शंभरातले पाच असतील तर तिलाच विचार, पाच मार्कांना किती वेळ द्यायचा. नऊ वाजता गोंद कपाटात. पहिल्यांदा थयथयाट होईल. आणि तिच्या शिक्षकांना दोन ओळी लिही, की घरी एवढा वेळ जातोय. आम्हाला हे कुणी कळवत नसे. आम्ही समजायचो, चाळीस मिनिटांत होत असेल.

सही तिघांनी मिळून कर, तिला शेजारी बसवून. सासूबाईंना सांग, ब तुकडीत नाही गेली, व्हायोलाच्या तुकडीत गेली. त्यांना व्हायोला म्हणजे काय ते सांगण्यात दहा मिनिटं जातील, तेवढ्यात विषय बदलेल.

*

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. यंदा कॉगॅटची, म्हणजे गिफ्टेड वर्गाच्या निवडीसाठीची, चाचणी आहे. इथले सगळे क्लास लावतायत. कुठला चांगला? सराव-पुस्तकं कुठली घ्यावीत?
— एक बाबा

उत्तर : कुठलाच नको. त्या चाचणीत शब्द, संख्या आणि आकृत्या असे तीन भाग असतात. त्यातला एक प्रकार असा : कागदाची घडी घातली, भोक पाडलं, आता उघडल्यावर भोकं कुठे दिसतील? सात वर्षांच्या मुलाला प्रश्नाची पद्धत एकदा दाखवा, म्हणजे नवा कागद बघून बिचकणार नाही. बस्स. त्यापुढे महिनोन्‌महिने पुस्तकं सोडवून घेतलीत तर तो पुस्तकं सोडवायला शिकेल. घड्यांची एवढीच हौस असेल तर या दिवाळीला विकतचा आकाशकंदील आणू नका. पतंगाचा कागद, काड्या, खळ त्याच्या पुढ्यात ठेवा आणि तुम्ही शेजारी बसून आपला वेगळा करा. कंदिलाच्या कागदी करंज्या कुठे आणि कशा दुमडायच्या ते सांगू नका. कात्री बोथट द्या, आणि कागद दुप्पट आणा. पहिला फाटणारच.